धरून ठेवायचं बटण

मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि त्याच्याच कृपेने मी आजवर धडधाकट आहे. शिकाऊ माणूस सिग्नलकडे बघत असतो, मी त्याच्या पायाकडे. तो चुकायच्या आत माझा पाय खाली गेलेला असतो. या कामाने माझा स्वभाव बिघडला असं आमची ही म्हणते. मला विचाराल तर स्वभाव आधीच तसा होता, कामामुळे फक्त त्याचा पगार मिळायला लागला.

माझी ताई दुसऱ्या गावी राहते. जन्मभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती, आता निवृत्त झाली आहे. फोनवर आम्हा भावंडांचं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. तब्येत कशी, बरी, जेवलास का, जेवलो, ठेवू का, ठेव. शेवटी तिच्या सुनेने आम्हा दोघांना एक ऑनलाइन खेळ लावून दिला. तीन गिर्यारोहक, तिघांच्या कमरेला एकच दोर आणि शिखरावर न्यायची एक भलीमोठी घंटा. दर रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून आम्ही चढायला लागलो आणि चढता चढता आई-बाबांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलून व्हायला लागलं. एका घरात राहत होतो तेव्हाही आम्ही इतकं बोललो नव्हतो.

अडचण होती ती तिसऱ्याची. त्याला खेळच कुठून तरी पकडून आणतो आणि आमच्या वाट्याला एकेक नग येतो. एक जण सतत कुरुमकुरुम खात असायचा. दुसरा घंटा आमच्या गळ्यात टाकून पसार झाला. दोघांनी मत दिलं की तिसऱ्याला काढता येतं, नाहीतर दर रविवारी तोच येत राहतो, आणि खरं सांगतो, हाकलायला मला मजा यायची.

मग आला 'वादळ'. हे नाव त्याने स्वतःच घेतलेलं. धड वाटेने चालणं त्याला ठाऊकच नव्हतं. वाट वळून जाते तिथे हा सरळ कड्यावरून पलीकडे उडी मारायचा आणि आम्हीही मारावी म्हणून मागे लागायचा. त्याच्यामागून ताई झेप घ्यायची, नेमकी कमी पडायची आणि घंटेसकट आम्ही तिघं दरीत.

"आजी, बटणं दिसतात का? चष्मा पाठवू?" तो सुरू व्हायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिच्यापुढे भलेभले सर्जन दबकून असायचे, ती माझी ताई त्याला काढायचं मतही न देता पुन्हा चढायला लागायची.

गेल्या रविवारी वादळ यायच्या आधीच ती म्हणाली, "आजचं शेवटचं हं. काढून टाकणारे मी हा खेळ."

"त्याच्यामुळे?"

"कारण कशाला हवं? मला नाही जमत, एवढंच. फोन करत जाऊ की रविवारी."

फोन म्हणजे परत तब्येत कशी, बरी, ठेवू का, ठेव. मला माझी ताई पुन्हा दोन मिनिटांची नको होती. आज या कार्ट्याला हाकलायचं आणि ताईला थांबवायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

पहिल्याच कड्यावर वादळ पलीकडे गेला, ताईने उडी मारली आणि आम्ही दरीत.

"आजी, तुमच्यापेक्षा घंटा बरी. ती निदान मध्ये मध्ये करत नाही."

मी तत्काळ त्याला काढायचं मत दिलं. ताईचं मत काही येईना.

"ताई, दाब ना."

"थांब जरा. मी हवेत असते तेव्हा तुझ्याकडून धप् असा आवाज कसला येतो?"

"कसला धप्?"

आमची ही पाठीमागे कपड्यांच्या घड्या घालत होती. "पायाचा," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरचे सांगून गेलेत दोनदा."

या खेळात धरून ठेवायचं एक बटण आहे. कोणी घसरलं तर ते दाबायचं, म्हणजे दोर जागच्या जागी आवळला जातो. ताईचे पाय कड्यावरून सुटले रे सुटले की माझा पाय फरशीवर आपटत होता आणि बोट त्या बटणावर. ताई अर्ध्या वाटेत लटकायची, मग सगळेच खाली. वादळाच्या उडीला मात्र माझा पाय कधी हलला नव्हता. तो पडला तर पडो.

"मी तुला वाचवत होतो," मी पुटपुटलो.

"अरे, खेळातली दरी ती. पडले तर पडले," ताई म्हणाली. "मला वाटलं, हात गेले माझे. थिएटरमध्ये कधी हात चुकला नाही आणि आता साधं बटण वेळेवर दाबता येत नाही. म्हणून सोडत होते मी. त्याच्या बडबडीला कोण विचारतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे यांची उडी बरोबर होती?" वादळाने विचारलं.

"बरोबर होती," ताई म्हणाली. "आणि तू इतके दिवस जे बोललास ते?"

"सॉरी, आजी."

"सिस्टर म्हणायचं. उड्या हव्या तेवढ्या मार, पण तोंड सांभाळून. नाहीतर पुढचं मत माझं."

"हो, सिस्टर."

पुन्हा तोच कडा. वादळ पलीकडे गेला. मी खुर्चीत मांडी ठोकली आणि दोन्ही हात काखेत दाबून धरले. ताई सुटली तेव्हा मला खरंच भीती वाटली, खोटं कशाला सांगू. ती अलगद पलीकडे उतरली.

"चल, आता तू," ती म्हणाली.

मी आजवर एकही उडी मारली नव्हती. "मी वाटेने येतो."

"दोर पुरायचा नाही तेवढा. ये असाच."

"ताई, मी पडलो तर सगळे पडू."

"पडू की. पुढच्या रविवारी परत चढू."

मी उडी मारली. घंटेसकट तिघंही खाली गेलो, आणि तळाला पोहोचेपर्यंत ताई हसत होती.