रॉयसच्या उरलेल्या डोळ्याचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे, पण सर्दी-पडशाचा नव्हे. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारा, डोळ्यांपुढे जाड पारदर्शक काच असलेला, एअरसॉफ्टचा मास्क. एअरसॉफ्ट म्हणजे लुटुपुटूची लढाई. बंदुका खोट्या असतात, पण त्यांतून सुटणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्या खऱ्या असतात. गोळी अंगाला लागली तर चिमटा बसतो. डोळ्याला लागली तर डोळा जातो. म्हणून माझा जन्म झाला.

साच्यातून निघालो आणि खोक्यात बसून अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, मर्ल हॅफर्डच्या दुकानात आलो. मर्लने वडिलांच्या बटाट्याच्या जुन्या कोठाराचं खेळाचं मैदान केलं होतं. दुकानातल्या भिंतीवर बंदुका दिव्याखाली टांगलेल्या असत. लोक त्या खांद्याला लावून फोटो काढत. मी खालच्या फळीवर, मोज्यांशेजारी. वर्षभर मला कुणी हातसुद्धा लावला नाही.

मग एका शनिवारी रॉयस पेल्के आला. वय चौतीस. लाकूड कापण्याच्या गिरणीत त्याच्या डाव्या डोळ्यात ढलपी उडाली होती, आणि त्या दिवशी त्याने कामाचा संरक्षक चष्मा घातला नव्हता. तेव्हापासून तीन वर्षं तो थोरल्या बहिणीच्या घरातून फारसा बाहेर पडला नव्हता. आदल्या आठवड्यात तो मर्लकडे बटाट्याची पोती पोचवायला आला होता, तेव्हा कोठारातला हशा ऐकून दारातच थांबला होता. आता तो खिशात ऐंशी डॉलर घेऊन आला होता आणि भिंतीवरच्या एका वापरलेल्या बंदुकीकडे बोट दाखवत होता.

मर्लने बंदूक काढलीच नाही. खाली वाकून मला उचललं, बाहीने पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

"आधी हा. पंचावन्न डॉलर."

"अहो मर्लकाका, मग बंदूक कशाने घेऊ?"

"बंदूक मी उसनी देतो. दर गोळीला हाताने खेचायची, जुनी आहे, पण चालते. वीस डॉलर मैदानाचे, पाचाच्या गोळ्या. शिकारीचं जाकीट आहे ना? गिरणीतले बूट आहेत ना? झालं की मग! डोळा मात्र उसना मिळत नाही, बाबा."

रॉयसच्या मागे त्याची बहीण ओडेट उभी होती. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि तिचा आवाज तीनशे मुलांना पुरायचा.

"एक डोळा गिरणीला दिलास, आता दुसरा या बटाटेवाल्याला दे!" ती म्हणाली. "ही काच फुटत नाही कशावरून?"

"खोक्यावर लिहिलंय की," मर्ल म्हणाला.

"खोक्यावर काय वाटेल ते लिहितात. द्या ती बंदूक इकडे. सगळ्यात जोराची."

मला बटाट्याच्या पोत्यावर बांधलं. ओडेट पाच पावलांवर उभी राहिली. दरवर्षी हरीण मारणारी बाई ती, तिचा नेम कसा चुकेल? तीस गोळ्या तिने माझ्या काचेवर झाडल्या. माझं सर्वांग थरथरलं. काचेवर पांढरे ठिपके उठले, पण ती तडकली नाही. ओडेटने मागे बोट घालून काच चाचपली, मग दीर्घ श्वास सोडला.

"ठीक आहे. जा."

"मार खाल्लेली काच पुन्हा वापरायची नाही," म्हणत मर्लने स्वतःकडची नवी काच बसवून दिली.

पहिल्या हंगामात रॉयस रोज सगळ्यांच्या आधी बाद व्हायचा. डावीकडचं त्याला दिसतच नसे. पण गोळी लागली की कुणी पाहो न पाहो, तो हात वर करून ओरडायचा, "लागली!" या खेळात पंच थोडे, सगळा कारभार खरेपणावर चालतो. हळूहळू तो मान वळवून खेळायला शिकला आणि मोठ्याने हसायलाही.

मित्रांनो, आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस सांगतो. ऑक्टोबरची थंडी होती. रॉयसच्या बाजूचा तो एकटाच उरला होता आणि जिंकायला पलीकडच्या झेंड्यापर्यंत दहाच पावलं बाकी होती. घामाने माझ्या काचेवर आतून वाफ धरली. त्याला काहीच दिसेना. त्याचा अंगठा माझ्या कडेखाली गेला. मला जराच उचलून पुसायचं, एवढंच. मी घाबरलो. मला ओरडता येत नाही.

अंगठा थांबला. रॉयसने बंदूक खाली ठेवली, गुडघ्यांवर बसला आणि हात वर केला. "मला दिसत नाही! मी बाद! कुणीतरी बाहेर न्या!"

त्याच क्षणी खांबाआडून एक खेळाडू धावत आला, समोर माणूस बघून दचकला आणि दोन पावलांवरून त्याने गोळ्या सोडल्या. चार गोळ्या. चारही माझ्या काचेवर, उजव्या डोळ्यासमोर.

मर्ल रॉयसला हाताला धरून बाहेर घेऊन गेला आणि मला उतरवलं.

"किती बोटं?"

"तीन. आणि नखं कापा, काका."

मर्ल खाली बसला आणि रडला. रॉयसच्या गटातला एकजण कुरकुरला, "जिंकत आलो होतो, यार." तेवढ्यात डबा घेऊन आलेली ओडेट त्याच्यापुढे उभी राहिली. तो दोन पावलं मागे सरला. मग तिने मला उचललं आणि एप्रनने इतकं जपून पुसलं की आजही आठवलं तरी माझी मान ताठ होते. घरी जाऊन तिने काचेला आतून भांड्याच्या साबणाचा पातळ हात फिरवला. नंतर वाफेने क्वचितच त्रास दिला.

सात हंगाम मी त्याच्या चेहऱ्यावर होतो. आता माझा पट्टा सैल झाला आहे, आतला स्पंज भुगा होऊन पडतो. रॉयस या मैदानाचा पंच आहे आणि मी त्याच्या टेबलामागे खिळ्यावर असतो.

गेल्या रविवारी एक नवीन बाई आली. पैसे थोडेच होते. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "तो जुना द्या ना. चालेल मला."

रॉयसने मला हातात घेतलं, पट्टा ताणून पाहिला आणि मान हलवली. "नाही. याने माझा डोळा वाचवला, पण आता याच्या भरवशावर तुमचा सोडणार नाही. बंदूक माझी घ्या, मास्क नवा घ्या."

क्षणभर मला वाईट वाटलं. मग ऊर भरून आला. ज्या माणसाने एकदा निष्काळजीपणे डोळा गमावला, तो आज परक्या बाईच्या डोळ्यांसाठी आपल्या लाडक्या वस्तूलाही नाही म्हणतो. मित्रांनो, आम्हांला पुसा, जपा, खेळ संपेपर्यंत उतरवू नका. आणि आमचे दिवस भरले की मायेपोटी कुणाच्या चेहऱ्यावर चढवू नका. आम्हांला खिळ्यावर टांगा. तिथेही आम्ही मान ताठ ठेवूनच राहू.