स्टेजवरून घेतलेलं नाव

अरुंधतीबाईंना आपला पुतण्या हृषीकेश कधीच आवडला नव्हता, आणि हे त्या कुणापासून लपवतही नसत. लहानपणी सुट्टीत इंदूरला आला की तो दुसऱ्याच्या ताटातली जिलबी उचलायचा आणि आपल्या ताटातली झाकून ठेवायचा. पुढे मुंबईला जाऊन सिनेमा-टीव्हीच्या धंद्यात पडला, दाढी वाढवली, खादीचे झब्बे घालू लागला. जिलबीची सवय तशीच राहिली, असं बाईंचं मत होतं.

मिल बंद झाली तेव्हा या पुतण्याचं एक पोस्टकार्डही आलं नाही. शंकरराव दिघे, म्हणजे त्याचे सख्खे काका आणि बाईंचे यजमान, विणाई खात्यात सुपरवायझर होते. फाटकाला कुलूप लागल्यावरही ते काही दिवस इस्त्रीचा शर्ट घालून तिथवर जायचे आणि उभं राहून परत यायचे. घरात रडलेही. मग एक दिवस तोंड धुऊन बडा गणपतीजवळच्या एका नमकीनच्या दुकानात गल्ल्यावर बसू लागले, आणि हळूहळू तिथे रमले. देश खुला झाला, देश खुला झाला, असं पेपरात पहिल्या पानावर रोज येत होतं. इंदुरात एकेक फाटक बंद होत होतं, ते आतल्या पानावर यायचं.

काही वर्षांनी हृषीकेश अचानक उगवला, कॅमेरा आणि चार माणसं घेऊन. मिल आता ‘विषय’ झाली होती. आठवडाभर ती मंडळी बाईंच्या हातचे पोहे हाणत राहिली. पहिल्याच दिवशी त्यानं बैठकीतला रंगीत टीव्ही शेजारच्या बेबीताईंकडे नेऊन ठेवायला लावला. फ्रिजवर गोधडी टाकली. शंकररावांचा शर्ट उतरवून त्यांना भोकं पडलेलं बनियन घालायला सांगितलं, आणि तसं घरात सापडेना म्हणून एक चांगलं बनियन कात्रीनं कापलं.

“अरे, हे काय करतो?” बाईंनी विचारलं.

“काकू, गरिबी थोडी दिसली पाहिजे न. नाहीतर पब्लिक कनेक्ट नाही होत.”

“मग गरीब शोध. आम्ही कशाला?”

शेवटच्या दिवशी त्यानं अंगणात नुसती खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर ते कापलेलं बनियन टाकलं आणि कितीतरी वेळ त्या खुर्चीचंच शूटिंग केलं. “आणि हे कुठे गेले असं दाखवतो?” बाईंनी विचारलं. “सिंबॉलिक आहे, काकू,” तो म्हणाला. खरं तर तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण पाहुणे आज जाणार या आनंदात त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

निघताना तो काकांच्या पाया पडला. “काका, अवॉर्ड मिळालं न, तर स्टेजवरून तुमचं नाव घेईन. पूर्ण देश ऐकेल.”

शंकररावांनी ते वाक्य गाठीशी बांधलं. माणूस साधा. मिलमध्ये त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणत, दुकानात भाऊ या अर्थी ‘भिया’, घरी बायको ‘अहो’. बाईंनी त्यांचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यातून, तेही जावांनी अडवून धरलं म्हणून. नंतर मतदानाच्या खोलीत कुणी नवऱ्याचं नाव विचारलं, तर शाळेत पोरांना भूगोल शिकवणारी ही बाई यादीवर बोट ठेवून मोकळी व्हायची. बेबीताई त्यावरून चिडवायच्या, पण हा नेम मोडला नाही तो नाहीच. नोकरी गेली, खातं गेलं. आता चार लोकांत कुणीतरी आपलं नाव मोठ्यानं घ्यावं, एवढीच शंकररावांची हौस उरली होती.

फिल्म टीव्हीवर दाखवली त्या दुपारी इंदुरात लाइट नव्हती, त्यामुळे घरात ती कुणी पाहिलीच नाही. मग बातमी आली की फिल्म आणि टीव्हीच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात हृषीकेशला बक्षीस मिळणार. शंकररावांनी जुन्या खात्यातली मंडळी बोलावली. बैठकीत सतरंजी अंथरली, दुकानातून शेव आणली, केसांना तेल लावून नवा शर्ट घालून स्वतः पुढच्या खुर्चीत बसले.

सोहळा कसला, उंदराला मांजर साक्ष! हा त्याला बक्षीस देत होता, तो याला देत होता. ज्यांना मिळायचं ठरलं होतं त्यांनाच मिळत होतं, आणि मिळाल्यावर तेच छातीवर हात ठेवून चकित होत होते. एकेक जण आई, बाप, देव आणि कंपनीचा मालक यांचे आभार मानत होता, मालकाचे जरा जास्त. बाई दाराशी उभ्या राहून हे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावरची आठी सुटत नव्हती.

शेवटी हृषीकेशचं नाव पुकारलं. तो हळूहळू चढला, बक्षिसाची बाहुली हातात घेतली, मान खाली घालून उगाच थांबला.

“ये अवॉर्ड,” तो भरल्या गळ्यानं म्हणाला, “मेरे स्वर्गीय काका शंकरराव दिघे के नाम. जिस दिन मिल का भोंगा बंद हुआ, उसी दिन उनकी साँस भी बंद हो गई.”

टीव्हीतले लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एका नटीनं डोळे टिपले, काजळाला धक्का न लावता.

स्वर्गीय काका पुढच्या खुर्चीत होते. हातात शेवेची वाटी होती.

 खात्यातले जुने सोबती संताजी म्हणाले, “साहेब, हे काय बोलून गेला पोरगा?”

“चांगलंच आहे,” बेबीताईंनी सावरून घेतलं. “मेल्याची खोटी खबर आली की उमर वाढते.”

शंकररावांनी वाटी खाली ठेवली. “नाव तर घेतलं न,” ते म्हणाले. “आडनावासकट घेतलं.”

बाईंना त्या क्षणी पुतण्यापेक्षा नवऱ्याचाच राग जास्त आला. 

दुसऱ्या दिवशी हृषीकेशचा फोन आला. “काकू, स्टेजवर दोन मिनिटं मिळतात. इमोशन लागतं. आणि काकांना काय फरक पडतो? ते ठीक आहेत न?”

“मेल्यापासून तब्येत छान आहे,” असं म्हणून बाईंनी रिसीव्हर आपटला.

त्यांना वाटलं, विषय संपला. पण चार दिवसांनी मराठी मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब घरी आले. अप्पासाहेबांच्या पणजोबांनी होळकरांच्या दरबारात काहीतरी केलं होतं, आणि तेव्हापासून घराण्यात कुणी काही केलं नव्हतं. चहा घेऊन झाल्यावर ते म्हणाले, “वहिनी, हृषीकेशचा सत्कार ठरवला आहे. इंदूरचं नाव केलं पोरानं. चॅनेलवाले पण येणार आहेत. प्रॉब्लेम एवढाच की...” ते शंकररावांकडे बघून घुटमळले. “मतलब, तुम्ही तेवढा दिवस हातोदला साडूंकडे जाऊन आलात तर?”

“अप्पासाहेब,” बाई म्हणाल्या, “हे जिवंत आहेत, ठाऊक आहे न तुम्हाला?”

“मला ठाऊक आहे. पूर्ण इंदूरला ठाऊक आहे. कॅमेऱ्याला कुठे ठाऊक आहे?”

बाईंनी तोंड उघडलं, पण शंकररावच आधी बोलले. “पोराचं नुकसान नको. हातोदला नाही जात, मागे बसतो. कुणाच्या नजरेत नाही येणार.”

“लाज वाटते का काही?” अप्पासाहेब गेल्यावर बाईंनी विचारलं. “तुमच्या मरणावर तो टाळ्या घेतो, आणि तुम्ही त्याला सांभाळून घेता?”

“अगं, आता मी कुणाच्या कामाचा आहे?” शंकरराव म्हणाले. “मेल्यावर तरी कामाला आलो.”

 बाई रागानं तांदूळ निवडत बसल्या, आणि निवडलेल्यात खडे तसेच राहिले.

सत्काराला मंडळाचा हॉल भरला होता. व्यासपीठावर हृषीकेशचा मोठा फोटो होता, आणि टेबलावर कापलेल्या बनियनमधले शंकरराव, चौकटीत, हार घालून. दोघं नवरा-बायको शेवटच्या रांगेत, चहाच्या टेबलाशेजारी बसले. येणारा जाणारा थांबून म्हणायचा, “काय भिया, कसं काय?” आणि ख्यालीखुशाली विचारून पुढे जाऊन फोटोला फूल वाहायचा. एकालाही हसू आलं नाही. असल्या माणसांत आपण आयुष्यभर हळदीकुंकू करत राहिलो, याचंच बाईंना नवल वाटलं.

हृषीकेश आला. कॅमेऱ्याचे दिवे लागले. मागची रांग त्याला दिसली असणार, कारण भाषण संपेपर्यंत त्यानं तिकडे पाहिलं नाही. मग अप्पासाहेब माइकसमोर आले आणि गळा साफ करून म्हणाले, “आता कैलासवासी शंकररावांना श्रद्धांजली म्हणून आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू.”

खुर्च्या सरकल्या. सगळा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेतले वकील, डॉक्टर उभे राहिले, संताजी उभे राहिले, बेबीताई पदर सावरत उभ्या राहिल्या. हृषीकेशनं डोळे मिटून हात जोडले.

आणि शंकररावही उभे राहिले. मान खाली, हात समोर, मिलच्या प्रार्थनेला उभे राहायचे तसे. बाई तेवढ्या बसून होत्या. त्यांनी वर बघितलं. नवरा स्वतःच्याच श्रद्धांजलीला उभा होता.

“अगं, ऊठ,” ते कुजबुजले. “बरं नाही दिसत.”

 शाळेत ज्या आवाजानं मागच्या बाकावरचं पोर दचकून जागं व्हायचं, तो आवाज बाईंनी कितीतरी वर्षांनी काढला.

“शंकरराव!” त्या म्हणाल्या. “खाली बसा! मेलेल्यांसाठी उभे राहतात!”

हॉलमधल्या सगळ्या माना मागे वळल्या. कॅमेरा वळला. हृषीकेशनं एक डोळा उघडला.

शंकरराव खाली बसले. लग्नातल्या नवऱ्या मुलासारखे त्यांचे कान लाल झाले होते. ते हळूच म्हणाले, “नाव घेतलंस तू माझं.”

“मग?” बाई समोर बघत म्हणाल्या. “कुणीतरी धड घ्यायला नको?”