नखाखालची पांढरी पूड

"खरवडू नका, बाई," डॉक्टर म्हणाले, तोवर तिचं नख फिरून झालं होतं.

सवयच ती. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. कापड असो की भांडं, नख मारून बघितल्याशिवाय तिनं कुठल्या दुकानदाराचं ऐकलं नाही. आता हातात बोटाच्या पेराएवढा ठोकळा होता. मानेच्या मणक्यांत बसवतात त्याचा नमुना. आत प्लास्टिक, वर चिनी मातीसारखा थर. नुसत्या प्लास्टिकला हाड धरत नाही, या थराला घट्ट धरतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

नखाखाली पांढरी पूड होती. मूठ मिटून तिनं हात मांडीखाली दडवला.

"आई, सही करताय ना?" ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं सरकवत सुनेनं विचारलं.

"तुला कसली घाई? मान माझी कापणारेत."

सुनेनं पेनचं टोपण काढून ठेवलं. सासूबाई घाबरल्या की टोचून बोलतात, हे तिला आता पाठ झालं होतं.

महिनाभर बोटं ऐकत नव्हती. सुई गळून पडायची. काल नातीच्या फ्रॉकचं साधं बटण लावता येईना. मानेत नस दाबली गेलीय, उशीर केलात तर हात जातील, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. आणि ऑपरेशन करावं, तर ही पूड. आत सुटली तर कोण हात घालून काढणार?

शेवटी तिनं बोट पुढं केलं. "हे बघा. तुमचा थर निघतोय." आवाज नको तेवढा बारीक आला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ठोकळा दिव्याखाली धरला. थरावर ओरखडेच ओरखडे होते, आडवे, तिरपे, एकावर एक.

"हा टेबलावरचा. कितीदा पडलाय. शिवाय या खुर्चीत बसणारा प्रत्येक जण नख मारतोच. तुमचा बंद पाकिटातून थेट आत जाईल."

"त्याचा नाही ना निघणार?"

"तपासूनच पाठवतात. पण शंभर टक्के असं मी कशालाच म्हणत नाही."

"खोटं तरी बोलायचंत," ती पुटपुटली.

तिनं पेन उचललं, ते निसटलं. सुनेनं हात पुढं केला. "माझी सही मला येते," म्हणत तिनं वेडीवाकडी अक्षरं उमटवली.

दाराशी पुढचा पेशंट येऊन उभा होता, पिशवी छातीशी घट्ट धरून. उठता उठता तिनं नमुना उचलला, त्यातल्या त्यात कोरी बाजू वर केली आणि जागेवर ठेवला. बोटं अजून ऐकत नव्हती. पण ठोकळा पडला नाही.