नाव राहू द्या, आधी माझा पाय बघा

मी एक जुनी अळंबी आहे. खरी नव्हे, प्लास्टरची. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शेवटच्या बाकामागच्या कपाटावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी मुळात गरीब स्वभावाची. पण वर्षानुवर्षे एकच रडगाणे ऐकून माझे डोके फिरले आहे, तेव्हा बोलण्यात कडवटपणा आला तर सांभाळून घ्या.

मला घडवणारा कारागीर मोठा चिकित्सक होता. एक खरी विषारी अळंबी समोर ठेवून त्याने मला बनवले. फिकट हिरवट टोपी, तिच्याखाली पांढरी पाती, गळ्याशी झालर आणि तळाशी वाटी. खऱ्या अळंबीची ही वाटी मातीत दडलेली असते. म्हणून त्याने मला लाकडी पाटावर चिकटवले नाही, नुसते खोचले. "हिला उपटून बघितलं तरच कळेल," तो म्हणाला, "नाहीतर कुणाच्या तरी जिवावर बेतेल." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

सुरुवातीला मुले मला उपटून बघत, वाटीत बोट घालत. मग पाटावर माझ्या शास्त्रीय नावाची चिठ्ठी लागली आणि मला ग्रहण लागले. हे नाव इंग्रजीत म्हणायचे कसे? कुणी 'ॲमनायटा' म्हणे, कुणी 'ॲमनीटा'. आमच्या सगळ्या कुळाला 'फंगाय' म्हणावे की 'फंजाय', यावरून तर दोन सरांनी एकमेकांशी बोलणे टाकले. अहो, दोन्ही चालतात! इंग्रज स्वतःच दोन्ही म्हणतात. पण मला विचारतो कोण? लोक नाव घोटत राहिले आणि मी धूळ खात राहिले.

त्यात आल्या मॅडम. शिकवायच्या मनापासून. पण तरुणपणी एका परिषदेत त्यांच्या उच्चाराला लोक हसले होते, ते त्यांच्या मनातून गेले नव्हते. म्हणून त्यांचा नियम असा, की ज्याचा उच्चार चुकेल त्याने तास संपेपर्यंत मागे कपाटापाशी उभे राहायचे.

एक मुलगी रोज मागे. इतकी बुजरी, की वर्गाने तिचे नाव 'गोगलगाय' ठेवले होते. माझ्या नावाचा दुसरा शब्द, 'फॅलॉइडीज', म्हणताना तिची जीभ हमखास अडखळे. उभी राहून कंटाळली की ती रुमालाने माझी धूळ पुसायची. एके दिवशी तिने मला अलगद उपटले आणि वाटीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. फार दिवसांनी कुणीतरी माझा पाय पाहिला होता.

गेल्या पावसाळ्यात मॅडम एक टोपली घेऊन आल्या. त्यांच्या धाकट्या दिरांनी रानात हिंडून अळंब्या आणल्या होत्या. दीर टापटिपीचे, त्यामुळे प्रत्येक देठ जमिनीलगत चाकूने कापलेला.

"निम्म्या घरी ठेवल्यात, आज दुपारी जेवायला," मॅडम शेजारच्या प्रयोगशाळेतल्या सरांना कौतुकाने म्हणाल्या. "या तुमच्यासाठी."

"वा! फंजाय!"

"फंगाय, सर."

झाले! दोघांची जुंपली. टोपली माझ्यासमोरच, शेवटच्या बाकावर होती. हिरवट टोप्या, पांढरी पाती, झालरी. माझ्या सख्ख्या बहिणी! मी आतल्या आत आक्रोश करत होते, पण प्लास्टरचा आवाज कुणाला ऐकू येणार?

गोगलगाय मागेच उभी होती. तिने टोपलीतली एक अळंबी उचलून उलटी केली. माझ्याकडे बघितले. तोंड उघडले आणि मिटले. नाव अडले होते! अगं बाई, चुकीचे म्हण, बोबडे म्हण, पण बोल!

"मॅडम," ती शेवटी म्हणाली, "नाव मला म्हणता येत नाही, चुकेल माझं. पण यांचे पाय कापलेत."

"म्हणजे?"

"खाली वाटी होती की नव्हती, आता कसं कळणार? बाकी सगळं हिच्यासारखंच आहे." आणि तिने मला उपटून टोपलीशेजारी ठेवले.

मॅडमनी टोपलीत बघितले, मग माझ्याकडे. चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घरी सासूबाईंना फोन लावला.

"आई, त्या अळंब्या वाढू नका! कुणी खाल्ल्या तर नाहीत ना?"

"अगं, आत्ताच पातेलं उतरवलंय. पानं घ्यायचीत अजून. झालं तरी काय?"

"तोंडात घालू नका, आई. सगळं टाकून द्या," एवढे बोलून मॅडम सगळ्या वर्गासमोर रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मागे उभे करण्याचा नियमच मोडीत काढला. गोगलगायीला पहिल्या बाकावर बसवले. तिचे भले झाले, मला आनंद आहे. पण आता मागे कुणीच येत नाही. माझ्या टोपीवर पुन्हा धूळ साचली आहे आणि फळ्यापाशी सर आणि मॅडम 'फॅलॉइडीज'वरून हुज्जत घालत आहेत.

मित्रांनो, माझे नाव हवे तसे घ्या. चुकले तर चुकू द्या, मी काही रुसत नाही. पण शिक्षा नसतानाही कधीतरी मागे येत जा, आणि मला उपटून बघत जा.