कुंकवाखालची पट्टी

अंबूबाईला जाऊन वर्ष झालं, तसं वर्षाराणीनं आईचं शिलाईचं पायमशीन विकायला काढलं. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत त्याची अडचणच होत होती. जुन्या वस्तूंचा व्यापारी सम्राट आला, चाकावरून हात फिरवून म्हणाला, "मावशी, साल कळल्याबिगर किंमत न्हाय सांगता यायची. जेवढं जुनं, तेवढा दाम चांगला."

"मग मिळणारच की! आईच्या लग्नातलं हाय. शाहूवाडीच्या आज्जानं दिलेलं."

हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. बाप गुंडू तिला पाळण्यात टाकून इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला, तो गेलाच. तिकडं दुसरं घर मांडलं. मागं वळून एक चिंधीसुद्धा धाडली नाही, असं आई सांगायची. आज्जाच्या या मशीनवर परकर-पोलकी शिवून तिनं लेक वाढवली. वर्षाराणीनं जन्मभर बापाच्या नावानं बोटं मोडली. तो वारल्याचा निरोप आला तेव्हा मातीलाही गेली नाही. तरी शाळेच्या गॅदरिंगला पोरींचे बाप पुढच्या रांगेत दिसले, की तिचे डोळे उगीचच दाराकडं जायचे. हे खूळ तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

मशीनवरचा नंबर काही दिसेना. दर खंडेनवमीला अंबूबाई एकाच जागी हळदकुंकू वाहायची, त्याचा तेलकट थर बसला होता. सम्राटनं रॉकेलचा बोळा फिरवला. नंबर निघाला, आणि त्याच्याशेजारी एक पितळी पट्टीही निघाली. नंबर मोबाइलवर शोधून तो हिरमुसला.

"साठ सालचं हाय, मावशी."

"खुळा का काय! माझा जन्मच अठ्ठावन्नचा. आज्जा तर त्याच्याबी आधी गेला."

"नंबर कशाला खोटं बोलंल? आणि ह्यो बघा, दुकानाचा शिक्का. इचलकरंजी."

वर्षाराणीनं पदरानं पट्टी पुसून ती अक्षरं स्वतः वाचली. इचलकरंजीत त्यांचं एकच माणूस होतं. आई पडली मानी, टाकून गेलेल्या नवऱ्याचं मशीन घेतलं हे कबूल करणं तिच्या जिवावर आलं असणार. पण परतही धाडलं नाही. चारचौघांत त्याला शिव्या घातल्या आणि दरसाल त्याच पट्टीवर कुंकू वाहिलं. अगं बाई, निदान लेकीला तरी सांगायचंस! तेवढ्यावर तिचं अख्खं लहानपण सुखात गेलं असतं. माती तरी चुकली नसती.

"मग काय, गाडीत चढवू?" सम्राटनं विचारलं.

"न्हाय."

"का वो? दाम वाढवून देतो की थोडा."

"नगं. माझ्या आबांनी धाडलंय ते."

आबा हा शब्द तिनं जन्मात पहिल्यांदा उच्चारला होता. सम्राट गेल्यावर तिनं तो पुन्हा म्हणून पाहिला, जरा मोठ्यानं, अंगणातून हाक मारावी तसा. कानाला फार गोड लागला. ओ द्यायला मात्र आता कुणी नव्हतं.