वहीतला अशक्तपणा

"दंड सैल सोड रे. मी काही तुला धरून नेत नाहीये."

मित्रांनो, टेबलावर आल्यावर मी ऐकलेला हा पहिला आवाज. त्याला सव्वीस वर्षं झाली. बोलणारी होती विद्यापीठाच्या दवाखान्यातली सिस्टर. तेव्हा तीही माझ्यासारखीच नवी होती. मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पत्र्याची पेटी, काचेची नळी, नळीत पारा, एक कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला दहा वेळा तपासलं आणि मगच पेटीत निजवलं.

माझं काम माणसाचा दंड धरायचं. पारा चढताना कोणी श्वास रोखतं, कोणी छताकडे बघतं. पारा उतरू लागला की आतली धडधड नळीत थरथरते. परीक्षेच्या दिवसांत सिस्टर म्हणायची, "आज सगळ्यांचा पारा वरच्याच मजल्यावर राहायला गेलाय वाटतं." डॉक्टर तर मला सोडून दुसऱ्या यंत्राला हात लावत नसत. म्हणायचे, "हा म्हातारा तोंडदेखलं बोलत नाही."

मग सोमवार बदलले. सोमवारी सकाळी मुलं येऊ लागली, डोळे ओढलेले, जबडा आवळलेला, छातीत घोडे दौडत असलेले. सिस्टर दार लावून घ्यायची आणि पट्टा सावकाश गुंडाळू लागायची. पट्टा गुंडाळून होईस्तोवर मुलं बोलती व्हायची.

"खोलीवर जमतो आम्ही," तिसऱ्या वर्षाचा एक उंच मुलगा म्हणाला. "नशेची गोळी घेतली की लाज जाते. जवळ जाणं सोपं होतं."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी आरशात बघवत नाही."

"काळजी घेता का काही? संसर्गाची?"

"तेव्हा कुठलं सुचतंय, सिस्टर."

शिल्पकलेची एक मुलगी आली. नखांत माती. तिचा दंड इतका बारीक, की पट्टा दोनदा गुंडाळावा लागला. माझ्या नळीकडे बघतच ती म्हणाली,

"मी हो म्हणाले होते की नाही, तेच आठवत नाही मला."

सिस्टरनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "तक्रार करायची असेल तर मी येते सोबत. नसेल करायची, तरी तपासणी आजच करू."

"तपासणी करा. पण दवाखान्याच्या वहीत लिहू नका. बाबा शिक्षण बंद करतील."

मित्रांनो, त्या वहीची नक्कल दर महिन्याला वसतिगृहप्रमुखांकडे जायची. नशेचा एक शब्द दिसला की खोली जायची आणि घरी पत्र. म्हणून सिस्टरनं आजाराच्या रकान्यात लिहिलं, अशक्तपणा. पुढच्याला अशक्तपणा. त्याच्या पुढच्यालाही अशक्तपणा. मायेनं लिहिलं तिनं. पान भरत गेलं, वही भरत गेली, आणि विद्यापीठात कुणाला काही झालंच नाही असं झालं.

आठवड्यातून एकदा दुपारी समुपदेशक ताई यायच्या. शिल्पकलेची मुलगी त्यांच्याकडे जाऊ लागली. सहाव्या खेपेला तिचा पारा पहिल्यांदा नीट जागेवर थांबला. "पुन्हा माती मळायला लागले," ती सिस्टरला म्हणाली. त्या दिवशी सिस्टरनं पट्टा सोडताना उगीचच दोनदा झटकला.

आज तिघांची समिती आली आहे. ताईंची नेमणूक पुढच्या वर्षी ठेवायची की नाही, हे ठरवायला. बाहेर बाकावर ती मुलगी बसली आहे. आज तिचा ताईंकडे जायचा दिवस आहे.

अध्यक्षांनी वही उलटसुलट पाहिली. "वर्षभरात त्रेसष्ट अशक्तपणा. याला समुपदेशक कशाला? लोहाच्या गोळ्या द्या."

"न्याहारी करत नसतील," दुसरे हसले. तिसऱ्यांची नजर माझ्यावर पडली. "हे पाऱ्याचं अजून ठेवलंय? काढा ते."

मला त्याचं वाईट वाटत नाही. काच जुनी झाली, रबर चिरलं. काच फुटून पारा सांडण्याआधी मी गेलेलं बरं. जाता जाता एवढंच मागणं, मित्रांनो. सोबतचा कोणी कोसळला, तर त्याला झोपू द्या म्हणून सोडून जाऊ नका. मदत बोलवा, आणि त्यानं काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. शुद्धीत नसलेल्याच्या गप्प राहण्याला होकार समजू नका. आणि तुम्ही उद्या अधिकाराच्या खुर्चीत बसलात, तर खरं सांगणाऱ्याची खोली काढून घेऊ नका. माझा पारा धडधड दाखवतो. ती कशाची, ते माणसानंच सांगावं लागतं.

ताईंची नेमणूक बंद करायच्या कागदावर सही करायला अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. सिस्टर माझ्या पेटीची कड घट्ट धरून उभी होती. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. तिच्या बोटातली नाडी मला पत्र्यातून कळत होती.

"सही करू नका, साहेब," ती म्हणाली. "ती वही खोटी आहे. मी लिहिली आहे. त्रेसष्टांत अशक्त चौघंच होते. बाकीच्यांना काय झालं होतं, ते सांगते. नावं मात्र मिळणार नाहीत."