वाकळेखालची सासू

पुरानंतर आमच्या गावाला एक कला चांगलीच जमली होती: जीप दिसली की केविलवाणं व्हायचं. करजगीच्या पुढं, भीमेकाठी आमचं गाव. पाणी ओसरलं, घरं सावरली, तरी मदतवाल्या संस्थेची जीप आली की धडके कपडे पेटीत आणि फाटकी ताडपत्री दारावर. हे सगळं नाटक बसवायचे पंचायतीचे मेंबर वीरभद्रप्पा. मला त्यांची भारी चीड यायची. तांदूळ मात्र आमच्याही घरी यायचा.

पंचाईत झाली अक्कम्माची. तिच्या बचत गटानं भाकरीचं मशीन घेतलं होतं. कडक भाकऱ्या पार सोलापूरला जायच्या. पण मशीन तिच्याच राहत्या खोलीत आणि पीठ अंथरुणावर. तिला एक शेड हवी होती. मशीन दिसलं तर मदत बंद होईल, म्हणून वीरभद्रप्पा तिला बोलू देत नव्हते.

त्या दिवशी जीप न सांगता आली. वीरभद्रप्पांनी घाईनं मशीनवर वाकळ टाकली, तोवर संस्थेच्या सुधारानी मॅडम दारात.

"कोण झोपलंय?"

"अक्कम्माची सासू. तापानं फणफणलीय," वीरभद्रप्पा म्हणाले.

मॅडम कनवाळू. त्यांनी वाकळेखाली हात घातला. "अहो, अंग गार पडलंय!"

"आत्ताच उतरला ताप."

"आणि किती ताठरल्यात!"

"स्वभावच तसा हाय."

मॅडमनी उसासा टाकला. "आता आम्ही वाटप थांबवतोय. जे गाव स्वतः काही उभं करतंय, तिथं शेड, वीज अशी पक्की कामं करू. तुमचे हाल बघवत नाहीत. हा शेवटचा तांदूळ ठेवा. शेड पुढच्या गावाला देऊ."

अक्कम्मानं तांदळाच्या पोत्याकडे पाहिलं, वीरभद्रप्पांच्या वटारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि वाकळ खसकन ओढली.

"मॅडम, सासू शेतात हाय. हे मशीन हाय, आमच्या कष्टाचं! रडून दाखवलं तवा तांदूळ दिलात. आता कमवायलाव, तर शेड दुसऱ्याला? कामून?"

मॅडम आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग खो खो हसल्या. "तांदूळ परत जीपमध्ये ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि शेडची जागा दाखवा."

अक्कम्मा रडायला लागली. आमच्या गावात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी खरं रडत होतं.